वेबसाइटचं पान नंबर २ गूगलपासून लपवू नका, आणि सर्चची पानं गूगलला दाखवू नका!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेले. "कॅटेगरीची पुढची पानं चालू ठेवा, साइटमधल्या सर्चची पानं बंद करा." व्हिडिओ लांबत चालला होता म्हणून तिथेच सोडलं. पण खरं सांगू का, या एका वाक्यासाठी मी सव्वा वर्ष एका एजन्सीला दरमहा पैसे मोजलेत. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते.

आधीच एक सांगते. तुमची वेबसाइट अजून नसेल, किंवा असली तरी तिच्यावर पंधरा-वीसच वस्तू असतील, तर हा लेख आज तुमच्या कामाचा नाही. तुम्ही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा, दुकानाचे चांगले फोटो टाका, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा बरोबर लिहा. तेवढ्यानेही बरीच गिऱ्हाइकं दारात येतात. पण ज्यांच्या साइटवर शंभराच्या वर वस्तू आहेत, खाली १, २, ३ असे आकडे येतात आणि वर भिंगाचं चिन्ह असलेला सर्च बॉक्स आहे, त्यांनी चहा घेऊन बसा.

माळा आणि काउंटर

आमचं नाशिकला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आधी बाबा बघायचे, बीबीए झाल्यावर मी बसायला लागले. दुकानात रोज दोन गोष्टी घडतात.

पहिली. दर्शनी मांडणीत सगळा माल मावत नाही. समया, निरांजनं, ताम्हण, पळी-पंचपात्र हे पुढे. घंगाळ, बंब, मोठ्या पराती हे माळ्यावर. पण माळ्यावरचा माल दुकानाचाच असतो ना? काउंटरवरच्या मुलाला माळ्यावर काय आहे हेच माहीत नसेल, तर तो गिऱ्हाइकाला "नाहीये" म्हणून परत पाठवेल आणि माल वर धूळ खात पडेल.

दुसरी. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दीड फुटी समई दाखवा." मुलगा पाच समया काउंटरवर मांडतो. एक विकली जाते किंवा नाही जात, बाकीच्या परत जागेवर. त्या पाच समयांच्या मांडणीला कोणी पाटी रंगवून घेत नाही. पुढचं गिऱ्हाईक वेगळं काहीतरी मागणार, पुन्हा वेगळी मांडणी होणार.

कॅटेगरीचं पान २, ३, ४ म्हणजे तुमचा माळा. साइटमधल्या सर्चचं पान म्हणजे काउंटरवरचा तात्पुरता पसारा. छोट्या दुकानदारांच्या साइट्स बघते तेव्हा बरेचदा उलटं दिसतं. माळ्याला कुलूप आणि पसाऱ्याच्या पाट्या गावभर!

माझ्याकडे काय झालं

साइटवर साधारण ४०० वस्तू. एका पानावर २४, म्हणजे "सर्व भांडी" या यादीची १७ पानं. यादी नव्याकडून जुन्याकडे. त्यामुळे जे आम्ही सगळ्यात आधी चढवलं होतं ते सगळ्यात शेवटी. तांब्याचा पाणी तापवायचा बंब पंधराव्या पानावर होता.

आता हा बंब नाशिकमध्ये दुकानात येऊन कितीजण घेतात? फार नाही. पण गूगलवर शोधून घेणारे असतात. पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून फोन यायचे. कोणाला फार्महाऊससाठी हवा असतो, कोणाला आजोळची आठवण म्हणून. वस्तू महाग, नफा बरा, आणि अशा वस्तूसाठीच तर वेबसाइट असते. वाटी-फुलपात्र घ्यायला कोणी बडोद्याहून आमची साइट उघडत नाही.

एजन्सीने काम हातात घेतल्यावर दोन गोष्टी केल्या. एक, पान २ पासून पुढच्या सगळ्या पानांना नोइंडेक्स लावला. म्हणजे गूगलला सूचना दिली की ही पानं तुझ्या यादीत घेऊ नकोस. मला कारण सांगितलं, "मॅडम, सगळ्या पानांचं टायटल एकच आहे, डुप्लिकेट कंटेंट होतो." मला पटलं. दोन, साइट त्यांनीच स्वतःच्या कोडवर बनवलेली होती आणि तिच्यातल्या सर्चच्या पानांकडे कोणी बघितलंच नाही. ती सताड उघडी.

मग दर महिन्याला रिपोर्ट यायचा. त्यात एक ग्राफ असायचा, इंडेक्स झालेल्या पानांचा. ४०० च्या आसपास असलेली रेघ वर वर जाऊन ३,००० च्या पुढे गेली. मी खूश! इतकी खूश की तो ग्राफ मी माझ्या एका बॅचला स्क्रीनवर दाखवला. "बघा, काम असं दिसलं पाहिजे." त्या बॅचमधल्या लोकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्या दिवसाबद्दल मनापासून सॉरी.

कारण दरम्यान बंबाचे फोन बंद झाले होते.

आधी वाटलं सीझन नाही. मग थंडी आली तरी फोन नाही. एका रात्री मी सर्च कन्सोल स्वतः उघडून बसले. बंबाचं पान "क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही" या यादीत. घंगाळ तिथेच. जुन्या बऱ्याच वस्तू तिथेच. आणि मग इंडेक्समध्ये ३,००० पानं आहेत ती कसली? उघडून बघते तर आमच्याच साइटचे सर्चचे पत्ते. त्यात परक्या लिपीतले शब्द, जुगाराच्या साइट्सची नावं, काय काय. आमच्या दुकानाच्या नावाखाली.

हे हॅकिंग नव्हतं, हे आधी समजून घ्या. सर्च बॉक्समध्ये काहीही टाकलं की साइट त्या शब्दाचं एक पान बनवते, त्याला स्वतःचा पत्ता असतो, आणि बहुतेक वेळा तो शब्द टायटलमध्येही छापला जातो. स्पॅमवाले हेच वापरतात. तुमच्या साइटच्या सर्चच्या पत्त्यात स्वतःची जाहिरात शब्द म्हणून घुसवतात आणि त्या पत्त्याला बाहेरून लिंक देतात. गूगल लिंक धरून येतो. पान उघडं असेल तर घेऊन जातो. तुमच्या फळ्यावर दुसऱ्याने खडूने जाहिरात लिहिली, आणि फळा तुम्ही रस्त्यावरच ठेवला होता.

कुलूप लावल्यावर नक्की काय होतं

गूगलचा बॉट लिंक धरून एका पानावरून दुसऱ्यावर जातो. बंबाच्या पानाला साइटवर एकच वाट होती, यादीचं पान १५. त्या पानाला नोइंडेक्स लावला. बऱ्याच लोकांना वाटतं की नोइंडेक्स लावला तरी त्या पानावरच्या लिंका चालू राहतात. सुरुवातीला राहतात. पण गूगलचे जॉन म्युलर यांनी २०१७ मध्येच सांगितलंय की पान बराच काळ नोइंडेक्स राहिलं तर गूगल ते यादीतून काढून टाकतो, आणि मग त्यावरच्या लिंकाही धरत नाही. म्हणजे माळ्याची शिडीच काढून घेतली.

"पण साइटमॅप होता की!" होता. साइटमॅपमुळे गूगलला पत्ता कळतो. पण ज्या पानाला साइटवर कुठूनच धड लिंक नाही, ते पान दुकानदाराला स्वतःलाच महत्त्वाचं वाटत नाही असा अर्थ निघतो. बंब घसरण्याचं हेच एकमेव कारण होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पान स्वतःही जेमतेम होतं, दोन ओळी आणि एक फोटो. पण वाट उघडली, वर्णन नीट लिहिलं, आणि काही आठवड्यांनी ते पान परत दिसायला लागलं.

दुसरा एक प्रकार मी अजून जास्त साइट्सवर बघते. पान २, ३, ४ सगळ्यांचा कॅनॉनिकल पान १ कडे लावलेला असतो. कॅनॉनिकल म्हणजे "माझ्यासारखीच अनेक पानं आहेत, त्यातलं खरं हे धरा" अशी चिठ्ठी. आता मला सांगा, पान १ वर समया आहेत आणि पान १५ वर बंब. ही सारखी पानं कशी? गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की पहिल्या पानाला सगळ्यांचा कॅनॉनिकल करू नका, प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याचा तोच ठेवा.

आणि ती "डुप्लिकेट टायटल"ची भीती! एसइओ टूल लाल रंगात आकडा दाखवतं, एजन्सी तो आकडा तुम्हाला दाखवते, तुम्ही घाबरता, दुरुस्तीचं बिल येतं. गूगलच म्हणतो की एकाच यादीच्या पुढच्या पानांना तेच टायटल आणि तेच वर्णन चाललं तरी हरकत नाही. मी "पान २", "पान ३" एवढं टायटलला जोडते, ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी.

अजून एक जुना मंत्र चेकलिस्टमध्ये हमखास सापडतो, रेल-नेक्स्ट आणि रेल-प्रीव्ह. २०११ मध्ये गूगलने हे टॅग आणले होते, मागचं-पुढचं पान ओळखायला. मार्च २०१९ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आम्ही हे वापरत नाही, आणि बऱ्याच काळापासून वापरत नव्हतो. असले तर नुकसान नाही, काढायला धावू नका. पण आज कोणी फक्त तेवढे टॅग टाकायचे वेगळे पैसे मागत असेल, तर त्याची चेकलिस्ट शिळी आहे.

मग माळा उघडा कसा ठेवायचा

मोबाइल घ्या, तुमच्या साइटच्या एखाद्या यादीवर जा आणि पान २ दाबा. वरचा पत्ता बदलला का? बदलला असेल तर तो कॉपी करून इन्कॉग्निटो विंडोत टाका. थेट पान २ उघडलं तर ठीक. पान १ उघडलं, किंवा पत्ता बदललाच नाही, तर गूगललाही पान २ मिळत नाहीये असं धरून चाला.

पत्त्यात पान नंबर हॅशच्या चिन्हानंतर येत असेल तरी उपयोग नाही, कारण हॅशच्या पुढचं गूगल सोडून देतो. आणि "आणखी दाखवा" असं बटण असेल तर लक्षात ठेवा, गूगलचा बॉट बटण दाबत बसत नाही. खाली स्क्रोल केलं की आपोआप माल येणाऱ्या साइट्सचंही तेच. दिसायला छान दिसतं, नाही असं नाही. ठेवायचं असेल तर ठेवा, पण खाली १, २, ३ च्या साध्या लिंकाही असू द्या. गंमत बघा, गूगलने स्वतःच्या निकालांसाठीही मोबाइलवर २०२१ मध्ये आणि कॉम्प्युटरवर २०२२ मध्ये असं न थांबणारं स्क्रोल आणलं होतं. २०२४ मध्ये ते काढायला घेतलं आणि कॉम्प्युटरवर पानांचे आकडे परत आले.

माझं अजून एक मत, आणि यावर वाद होऊ शकतो. छोट्या दुकानाला १७ पानांची यादी लागतेच कशाला? दोष पानांचा नव्हता, माझ्या मांडणीचा होता. "सर्व भांडी" ही कॅटेगरी म्हणजे सगळा माल एकाच गोणीत. आता माझ्याकडे पूजेची भांडी, स्वयंपाकाची भांडी, पाणी तापवायची आणि साठवायची भांडी, शोभेच्या वस्तू असे भाग आहेत. बंब आता त्याच्या कॅटेगरीच्या पहिल्या पानावर आहे. चाळीस-पन्नास वस्तूंची कॅटेगरी असेल तर मी पानंच पाडत नाही, सगळ्या एकाच पानावर, फक्त फोटो हलके करून.

किमतीप्रमाणे लावा, रंगाप्रमाणे गाळा, अशा फिल्टर-सॉर्टमुळे तयार होणारे पत्ते मात्र बंद ठेवा. तोच माल, फक्त क्रम वेगळा. शॉपिफायवर असाल तर सॉर्टचे बरेचसे पत्ते आणि सर्चचे पत्ते त्यांच्या रोबॉट्स फाइलमध्ये मुळातच अडवलेले असतात.

सर्चची पानं बंद करताना क्रम चुकवू नका

इथे आमच्याकडे दुसरा घोळ झाला. मी आरडाओरडा केल्यावर एजन्सीने त्याच दिवशी रोबॉट्स फाइलमध्ये सर्चचे सगळे पत्ते अडवले आणि सोबत नोइंडेक्सही लावला. मला वाटलं डबल कुलूप, झकास. महिनाभर काहीच हललं नाही. उलट सर्च कन्सोलमध्ये नवीन ओळ, "इंडेक्स केलं, पण रोबॉट्स फाइलने ब्लॉक केलेलं आहे".

नोइंडेक्स ही सूचना त्या पानाच्या आत लिहिलेली असते आणि रोबॉट्स फाइल गूगलला पानाच्या आत येऊच देत नाही. मग तो सूचना वाचणार कशी? दाराच्या आत चिठ्ठी ठेवायची, "घरी कोणी नाही, परत जा", आणि दाराला बाहेरून कुलूप लावायचं, असा प्रकार. आधीच इंडेक्स झालेली पानं काढायची असतील तर दार उघडं ठेवा, नोइंडेक्स लावा, गूगलला येऊन वाचू द्या. पानं हळूहळू गळतील. ती गेल्यावर हवं तर रोबॉट्स फाइलने अडवा. नवीनच साइट असेल आणि सर्चचं एकही पान अजून इंडेक्स नसेल, तर पहिल्या दिवसापासून रोबॉट्सने अडवलं तरी चालतं. सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल टूल घाईला बरं आहे, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतंच झाकतं.

वर्डप्रेसवाल्यांनी फार काळजी करू नये. २०२१ च्या ५.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस सर्चच्या पानांना स्वतःहून नोइंडेक्स लावतं, आणि योस्टसारखं प्लगिन त्याआधीपासून लावत होतं. पण थीम कोणाकडून खास बनवून घेतली असेल किंवा साइट माझ्यासारखी कस्टम कोडवर असेल, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारलं नाही म्हणून हा लेख लिहिते आहे.

काहीजण म्हणतात, "ताई, मोठ्या बाजारपेठेच्या साइट्सची सर्चसारखी पानं गूगलवर दिसतातच की." दिसतात. त्यांच्याकडे एका शब्दाला हजारो वस्तू असतात. माझ्याकडे "पितळी समई मोर" टाकलं तर तीन येतात, "कासवाची समई" टाकलं तर रिकामं पान येतं. असलं रिकामं पान गूगलने घेऊन करायचं काय? अशी सर्चची पानं गूगलच्या निकालात नकोत, हे गूगल २००७ पासून सांगत आलाय. आणि गूगलची स्वतःची रोबॉट्स फाइल उघडून बघा, ती कोणालाही बघता येते. त्यात स्वतःच्याच सर्चच्या पत्त्याला त्यांनी मज्जाव केलेला आहे.

आता "क्रॉल बजेट" हा शब्द. हा दाखवून घाबरवणारे खूप भेटतील. गूगलच्या मार्गदर्शनाप्रमाणे याची चिंता करायची ती १० लाखांच्या वर पानं असलेल्या साइट्सनी, किंवा १० हजारांच्या वर पानं आहेत आणि ती रोज बदलतात अशांनी. तुमच्या-माझ्या ४०० वस्तूंना तो नियम लावून कोणी वेगळं पॅकेज विकत असेल तर हात जोडा. सर्चची पानं बंद करायचं खरं कारण साधं आहे. तुमच्या दुकानाच्या नावाखाली गिऱ्हाइकाला कचरा दिसू नये.

पण त्या सर्चमध्ये लोक काय टाइप करतात?

पानं बंद करा असं मी म्हणते, शब्द फेकून द्या असं नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात कमाईची गोष्ट हीच आहे आणि एजन्सीच्या एकाही रिपोर्टमध्ये ती नव्हती.

गूगल अॅनालिटिक्समध्ये "व्ह्यू सर्च रिझल्ट्स" नावाची नोंद असते. तुमच्या साइटच्या सर्चमध्ये कोणी काय शोधलं ते तिथे मिळतं. बहुतेक साइट्सवर ती आपोआप होते, नसेल तर डेव्हलपरला सांगून चालू करून घ्या. मी पहिल्यांदा ती यादी काढली तेव्हा बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "हे तर गल्ल्यावर बसून मला रोज ऐकू येतं."

खरंच. लोकांनी टाकलं होतं "वाण". मराठीत, रोमन अक्षरांत, दोन्हीकडून. आणि साइट म्हणत होती, काही सापडलं नाही. कारण आम्ही कुठल्याच वस्तूच्या नावात वाण हा शब्द लिहिलेला नव्हता. आम्ही लिहिलं होतं "पितळी वाटी, ६० ग्रॅम". संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला पन्नास-पन्नास वस्तू एकदम नेणारी गिऱ्हाइकं, आणि त्यांना आमची साइट दारातून परत पाठवत होती. "रुखवत" टाकणारे होते. "कल्हई" टाकणारे होते, कोणी कलई लिहिलं, कोणी कलाई. "नाव घालून" असंही टाकलं होतं, म्हणजे भांड्यावर नाव घालून मिळेल का. दुकानात हा प्रश्न दिवसात दहा वेळा येतो. साइटवर त्याचं उत्तरच नव्हतं.

मग मी स्वतः हाताने एक पान बनवलं, "संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण". सर्चने काढलेली रास नाही, निवडून अठरा वस्तू. ११, २१, ५१ नगांचा भाव लिहिला. नाव घालायला किती दिवस लागतात ते लिहिलं, पॅकिंग कसं येतं त्याचा फोटो टाकला, कोणत्या तारखेपर्यंत ऑर्डर दिली तर वेळेत पोहोचेल ते लिहिलं. मुख्य मेनूत लिंक दिली. हे पान गूगलला खुशाल दाखवा, कारण याला पाटी लावण्याची योग्यता आहे. सर्चचं पान आणि हे पान यात फरक काय विचाराल, तर या पानामागे दुकानदाराने डोकं लावलेलं आहे.

दोन चुका मी केल्या, त्या तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी पान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकलं. गूगलने ते बघून वर आणेपर्यंत हळदीकुंकू संपलं. आता नोव्हेंबरमध्येच चालू करते. आणि पत्त्यात वर्ष घातलं होतं. पुढच्या वर्षी नवीन पान, पुन्हा शून्यापासून सुरुवात. आता पत्ता वर्षाशिवाय, तोच कायम, फक्त आतला माल आणि तारखा बदलते. सीझन संपला तरी पान काढत नाही. "पुढच्या संक्रांतीसाठी आगाऊ नोंदणी" एवढं लिहून ठेवते.

शब्दागणिक पान मात्र बनवत सुटू नका. एका विद्यार्थ्याने उत्साहात "पितळी समई नाशिक", "पितळी समई पुणे", "पितळी समई ठाणे" अशी शंभरेक पानं बनवली, गावाचं नाव सोडून सगळं तेच. तो पुन्हा पसाराच झाला, फक्त हाताने मांडलेला. माझा हिशोब साधा आहे. तो शब्द वारंवार येतोय का, त्यासाठी माझ्याकडे निदान आठ-दहा वस्तू आहेत का, आणि गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं काही माझ्याकडे आहे का. तिन्हीला हो असेल तरच पान.

एजन्सीशी बोलताना

एजन्सी सोडा असं मी म्हणत नाही. चांगल्याही असतात, आणि माझ्याच एजन्सीतला जो मुलगा शेवटी हे सगळं निस्तरायला बसला तो प्रामाणिक होता. त्याला टार्गेटच पानांच्या संख्येचं दिलेलं होतं, तो काय करणार? पण रिपोर्टमध्ये "इंडेक्स झालेली पानं" हा आकडा आला की एकच विचारा, "यातली माझ्या मालाची किती?" ४०० वस्तू, दहा-बारा कॅटेगरी आणि त्यांची पुढची पानं, संपर्काचं पान वगैरे धरून माझा आकडा ४५० च्या जवळपास असायला हवा. ३,००० दिसले तेव्हाच खटकायला हवं होतं. दुकानात स्टॉक मोजताना ४०० च्या जागी ३,००० नग निघाले असते तर बाबांनी आनंदाने पेढे वाटले नसते, आधी वही तपासली असती.

स्वतः बघायचं असेल तर गूगलवर साइट, मग कोलन, मग तुमचा पत्ता असं जागा न सोडता टाका. आकडा अंदाजे असतो, त्यावर विसंबू नका. पण खाली कसली पानं येतात ते दोन मिनिटांत डोळ्यांना दिसतं. नेमका हिशोब सर्च कन्सोलच्या "पेजेस" रिपोर्टमध्ये मिळेल. तो अॅक्सेस एजन्सीच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या ईमेलवर मालक म्हणून असला पाहिजे. नसेल तर आजच मागून घ्या, बाकी सगळं नंतर.

पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर हे सगळं माझ्याच साइटवर करून दाखवते. सध्या रुखवताचं पान लिहायचं चाललंय. त्यात काय काय हवं याची यादी आईने केली आहे आणि ती माझ्या यादीपेक्षा दुप्पट लांब आहे. पंचपाळं विसरलीस, असं कालच ऐकून घेतलंय.